उघड्या डोळ्यांची भूल

भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलायचं असतं. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना होणारी वेदना मोठ्या माणसालाही सोसत नाही, म्हणून भूलतज्ज्ञ शिरेतून केटामिन देतात. मिनिटभरात मूल शांत होतं, पण डोळे मिटत नाहीत. ते उघडेच राहतात आणि बुबुळं डावी-उजवीकडे हळूहळू हेलकावत असतात. श्वास आपला आपण चालू असतो, नाडी आणि रक्तदाब उलट थोडे चढतात, तोंडाला लाळ सुटते. पट्टी निघते, जखम धुतली जाते. मुलाला त्यातलं काहीच पोचत नाही. जिथे भुलीचं यंत्र नाही अशा छोट्या रुग्णालयांना हे औषध मोठा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

भुलीची बरीच औषधं मेंदूतल्या शांत करणाऱ्या संदेशांना, म्हणजे गाबा या रसायनाच्या कामाला, जोर देतात. केटामिनची तऱ्हा वेगळी. ते पेशींना चेतवणाऱ्या संदेशाची वाट अडवतं. त्या संदेशाचं रसायन ग्लुटामेट. चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोत असतं तेच. मात्र खाल्लेलं ग्लुटामेट रक्तातून मेंदूत सहसा शिरू शकत नाही, मेंदू आपलं आपण तयार करतो.

एका चेतापेशीने सोडलेलं ग्लुटामेट मधली चिंचोळी फट ओलांडून पुढच्या पेशीवरच्या ग्राहींना चिकटतं. त्यांतले एएमपीए ग्राही लगेच उघडतात, सोडियम आत शिरतं आणि पेशी काही सहस्रांश सेकंदांत चेतते. शेजारचे एनएमडीए ग्राही एवढ्यावर दाद देत नाहीत. त्यांना ग्लुटामेटच्या जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरीन लागतं आणि तेवढंही पुरत नाही. पेशी निवांत असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो, आणि अशा वेळी या ग्राहीच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकून बसलेला असतो. पेशी आधीच पुरेशी चेतलेली असेल तरच तो बाहेर ढकलला जातो आणि कॅल्शियमला वाट मिळते. समोरून संदेश येणं आणि नेमक्या त्याच वेळी ही पेशी चेतलेली असणं, दोन्ही जुळून यावं लागतं. १९८४ मध्ये पॅरिसमधल्या आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी हे दाखवून दिलं. मेंदूविज्ञानातला इतका देखणा शोध माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

आत आलेलं कॅल्शियम दोन पेशींमधला तो जोड दीर्घकाळासाठी बळकट करतं. शिकणं आणि लक्षात ठेवणं बऱ्याच अंशी यावरच अवलंबून आहे. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एनएमडीए ग्राही अडवणारं एपी५ नावाचं द्रव्य सोडलं. उंदीर गढूळ पाण्याच्या हौदात पोहत होते, पण पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे काही त्यांना नीट शिकता येईना.

केटामिन १९६२ मध्ये केल्विन स्टीव्हन्स यांनी अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी बनवलं. त्याआधीचं फेन्सायक्लिडीन भूल उतरताना रुग्णांना फार वेळ भ्रमात ठेवायचं, म्हणून त्याच घराण्यातलं, पण लवकर उतरणारं औषध हवं होतं. ही दोन्ही औषधं एनएमडीए ग्राहीच अडवतात हे कळायला मात्र १९८३ साल उजाडलं. ग्लुटामेट जिथे चिकटतं त्या जागेला केटामिन हात लावत नाही. ग्राही उघडला की ते मधल्या मार्गात शिरतं आणि तिथेच बसतं. म्हणून जो ग्राही जास्त वापरात, तो जास्त अडतो.

चेतवणारा संदेश अडवला की मेंदू थंडावेल, असं कुणालाही वाटेल. पण मेंदूत इतर पेशींना आवरणाऱ्या गाबा पेशीही आहेत आणि त्यांनाही कामाला लावतं ते ग्लुटामेटच. त्यांतल्या काही सतत, भरभर चेतत असतात. कमी मात्रेतल्या केटामिनचा पहिला फटका त्यांना बसतो, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. आवरणाऱ्याच गप्प झाल्या की बाकीच्या मोकाट सुटतात. १९९७ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मोजमाप केलं, तेव्हा कमी मात्रेनंतर ग्लुटामेट चक्क वाढलेलं आढळलं. भुलीला लागते त्याहून कमी मात्रेत माणसाला स्वतःचं शरीर परकं वाटू लागतं, भास होतात, ते यामुळेच असावं.

याच कमी मात्रेतून एक अनपेक्षित उपयोग हाती आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००६ मध्ये १८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इतर औषधांनी गुण न आलेल्या त्या नैराश्यग्रस्तांपैकी अनेकांना केटामिनच्या एकाच मात्रेने काही तासांत उतार पडला. नेहमीच्या गोळ्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात. २०१९ मध्ये अमेरिकेत एस्केटामिनचा नाकात मारायचा फवारा मंजूर झाला. तो दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं. एका मात्रेचा गुण बहुधा काही दिवसांत ओसरतो, औषधाची चटक लागू शकते, आणि वारंवार नशा करणाऱ्यांचं मूत्राशय कायमचं खराब होऊ शकतं. आत्महत्येच्या काठावरच्या माणसासाठी ते काही तास अनमोल असतात हे खरं, पण हे औषध सर्रास विकलं जाऊ लागलं तर मला त्याची भीती वाटते.

ग्लुटामेटचा अतिरेक पेशींना मारतो. पक्षाघातात रक्त न मिळालेल्या पेशींभोवती ते साचतं, कॅल्शियम आत लोटतं आणि पेशी मरतात. विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीत असलेलं ओडॅप हे द्रव्यही ग्लुटामेटसारखंच वागून एएमपीए ग्राहींना चेतवतं. दुष्काळात महिनोन्‌महिने हीच डाळ खावी लागलेल्या काही माणसांच्या पायांतली ताकद कायमची गेली. मग पक्षाघातात एनएमडीए ग्राही अडवून पाहावेत, असं ठरलं. सेल्फोटेल, अ‍ॅप्टिगॅनेल अशी औषधं प्राण्यांमध्ये आशा दाखवून माणसांमध्ये अपयशी ठरली. रुग्ण पोचेपर्यंत घातक लाट बहुधा सरलेली असते, आणि ही औषधं घातक संदेशाबरोबर पेशींना हवा असलेला संदेशही अडवत होती. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं मेमँटिन निभावून जातं ते वेगळ्या कारणाने. ते त्या मार्गात सैल बसतं आणि चटकन बाहेर पडतं, त्यामुळे रोजचे संदेश बऱ्यापैकी चालू राहतात. गुण माफकच येतो, आजार थांबत नाही.

आपल्या प्रसूतिकक्षांत मात्र रोज वापरलं जातं ते साधं मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा तेच देतात. त्याचा परिणाम काही अंशी एनएमडीए ग्राहींवर, काही अंशी रक्तवाहिन्यांवर होत असावा. भारतीय स्त्रियांचं कमी वजन लक्षात घेऊन आखलेली कमी मात्रेची एक पद्धत धुळ्याच्या नावाने ओळखली जाते. पुढची मात्रा देण्याआधी सिस्टर श्वास मोजतात, लघवी किती झाली ते बघतात आणि गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का ते तपासतात. मॅग्नेशियम जास्त झालं तर चेतातंतूकडून स्नायूला जाणारा संदेशही मंदावतो, आणि श्वास अडण्याच्या आधी गुडघा उडायचा थांबतो. तसं झालंच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं.