टोमॅटोवरील अळी : फवारावें केव्हां ?

टोमॅटो वरून लालबुंद, पण देंठाजवळ एक वाटोळें छिद्र. आणि कापून पाहावें तों आंत अळी! हा अनुभव न आलेली गृहिणी विरळाच. ही अळी फळांत शिरण्यापूर्वीं तिला गांठावें कसें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूस, भाताची कापणी उरकली कीं वाल, पांढरा कांदा आणि विहिरीच्या पाण्यावर हिंवाळी भाजीपाला होतो. टोमॅटोशेजारीं वाल असला म्हणजे या अळीची चैनच. कारण वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, कापसाचीं बोंडें व टोमॅटोचीं फळें पोखरणारी अळी एकच. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा म्हणतात, शेतकरी घाटे अळी म्हणतात.

तिचा पतंग रात्रीं हिंडतो. मादी कोंवळ्या शेंड्यांवर व फुलांजवळच्या पानांवर एकेक सुटें अंडें घालते. तें खसखशीच्या दाण्याहून मोठें नसतें. ३-४ दिवसांत अळी बाहेर पडते, कांहीं दिवस पानें कुरतडते, आणि मग फळांत डोकें खुपसते. एकदां ती आंत गेली कीं अळी सुखरूप राहते. औषध मात्र सालीवरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतें. म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं असतात ते एवढे थोडे दिवस. ते ओळखावयाचे कसे ?

त्यासाठीं कामगंध सांपळा आहे. मादी नराला बोलावितांना जो गंध सोडते, तोच कृत्रिम रीतीनें बनवून रबराच्या लहानशा बुचांत मुरविलेला असतो. त्यास ल्यूर म्हणतात. असे हेक्टरी ५ सांपळे पिकाच्या शेंड्याहून फूटभर उंच बांधावयाचे आणि खालच्या लांबट पिशवींत अडकलेले नर रोज सकाळीं मोजून वहींत मांडावयाचे. सतत २-३ दिवस सांपळ्यामागें ८-१० पतंग आढळल्यास उपाय योजावा, असा हरभऱ्याचा ठोकताळा आहे. टोमॅटोच्या बाबतींत मी नुसत्या आंकड्यावर विसंबणार नाहीं. सांपळ्यांत येतात ते नर, आणि तेही कदाचित् शेजारच्या वालावरचे ! आंकडा चढतांच शेतांत तिरपें चालत जाऊन वीसपंचवीस झाडांचे शेंडे निरखावे. अंडीं किंवा बारीक अळ्या दिसल्या तरच फवारा. तोही आधीं निंबोळी अर्काचा, अथवा या अळीलाच रोगी करणाऱ्या विषाणूचा. हा विषाणू लहान अळीवरच चांगला चालतो, आणि कडक उन्हांत निकामी होतो. म्हणून तो सायंकाळीं मारावा.

दर आठवड्यास डोळे मिटून फवारलें तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. १९८७ सालीं आंध्र प्रदेशांत कापसावरील हीच अळी पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशी झाली होती. शिवाय अशा फवाऱ्यांत अळीचे शत्रू असलेले उपकारक कीटकही मरतात.

अलीकडे एक पाहुणीही आली आहे. दक्षिण अमेरिकेंतील टुटा नांवाची नागअळी २०१४ सालीं पुण्याकडे टोमॅटोवर आढळली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें राहून हिरवा भाग खाते, आणि फळही सोडीत नाहीं. तिचा गंध निराळा, तेव्हां ल्यूरही निराळा लागतो. घाटे अळीचा ल्यूर लावून तिची वाट पाहिली, तर वहींत शून्य आणि शेतांत अळी, असें व्हावयाचें.