नरक कोणासाठी?

ख्रिस्ती श्रद्धेची जडणघडण : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा उगम पाहिला. तिच्या पाठोपाठ येणारा विषय नरकाचा. लोकांना धाकात ठेवण्यासाठी धर्मगुरूंनी नरक रचला, हे मत युरोपात आणि आपल्याकडेही इतक्या वेळा मांडले गेले आहे की ते सिद्धच झाले आहे असे वाटावे. नरकाचा वापर धाकासाठी झाला, यात शंका नाही. पण एखाद्या कल्पनेचा पुढे कसा वापर झाला यावरून ती कुठून आली हे ठरत नाही. जुने ग्रंथ काळाच्या क्रमाने लावून वाचले, तर वेगळेच चित्र दिसते. मेल्यानंतरच्या शिक्षेची मागणी प्रथम केली ती सत्तेचा मार खाणाऱ्यांनी, आणि केली ती मारणाऱ्यांच्या विरोधात. ती कल्पना दुबळ्यांवर उलटायला पुढे काही शतके जावी लागली. हा उलटलेला प्रवास आजच्या लेखांकात तपासायचा आहे.

सुरुवात जुन्या करारापासून करू. तिथे पापी माणसांसाठी राखून ठेवलेला नरक नाही, याचे अनेक ख्रिस्ती वाचकांनाही नवल वाटेल. तिथे आहे तो अधोलोक. राजा आणि गुलाम, भला आणि दुष्ट, सगळे मेल्यावर तिथेच जातात. पलिष्ट्यांच्या फौजेला घाबरलेला शौल राजा एनदोरच्या बाईकरवी मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलावतो, तेव्हा शमुवेल त्याला बजावतो की उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्यापाशी असाल. देवाने टाकलेला राजा आणि देवाचा संदेष्टा, दोघांचा मुक्काम एकच! उपदेशकाच्या पुस्तकात तर मेलेल्यांना कसलेच भान उरत नाही. इस्राएलचा देव न्याय करतो तो याच आयुष्यात. वेळेवर पाऊस, भरलेली खळी, मुलेबाळे आणि पिकले वय हे सदाचाराचे फळ. दुष्काळ, रोगराई आणि पराभव ही पापाची शिक्षा. हा हिशेब जुळत नाही हे ईयोबाला कळले होते. दुष्ट लोक सुखात म्हातारे का होतात, असा त्याचा उघड सवाल आहे. पण त्या पुस्तकातही, मेल्यावर त्यांना बघून घेतले जाईल, असे उत्तर कोणी देत नाही.

ते उत्तर प्रथम सविस्तर सापडते हनोखाच्या ग्रंथात. त्याचा सर्वांत जुना भाग अभ्यासक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला मानतात. त्याचे अरामी तुकडे मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत मिळाले, आणि संपूर्ण ग्रंथ टिकला तो इथिओपियाच्या चर्चने त्याला पवित्र शास्त्रात स्थान दिले म्हणून. त्याच्या बाविसाव्या अध्यायात रफाएल हा देवदूत हनोखाला पश्चिमेकडच्या एका डोंगरातल्या खोल पोकळ्या दाखवतो. न्यायाच्या दिवसापर्यंत मेलेल्यांचे आत्मे तिथे ठेवले आहेत. हनोखाला प्रथम ऐकू येतो तो हाबेलाचा आक्रोश, भावाच्या हातून मारल्या गेलेल्या माणसाची फिर्याद. पुढे तो विचारतो की या पोकळ्या वेगवेगळ्या का, आणि त्यावरचे उत्तर फार मोलाचे आहे. जे पापी जिवंतपणी शिक्षेतून सुटले आणि रीतसर पुरले गेले, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे, आणि मोठ्या यातना त्यांच्या वाट्याला आहेत. म्हणजे वाटणीचा निकष नुसता पाप हा नाही. इथल्या न्यायातून निसटलेले पाप, हा निकष आहे. राहून गेलेला खटला पुढे चालवणे हे इथे मरणोत्तर शिक्षेचे काम आहे.

या विचाराला धार आली ती छळामुळे. इसवी सनापूर्वी १६७ मध्ये अँटिओकस चौथा या ग्रीक सेल्युसिड घराण्यातल्या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि यरुशलेमेच्या मंदिरात परक्या देवाची वेदी उभारली. सुंता केलेल्या बाळांच्या आयांना ठार मारले गेले. देवाचे नियम पाळल्याबद्दलच मरण येऊ लागल्यावर सदाचाराला दीर्घायुष्य ही जुनी सांगड साफ मोडली. दानीएलच्या बाराव्या अध्यायात मेलेल्यांपैकी काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी उठतील असे भाकीत येते, आणि बहुतेक अभ्यासक ते याच वर्षांतले मानतात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई आणि तिच्या सात मुलांची कथा आहे. डुकराचे मांस खात नाहीत म्हणून राजा एकेकाची जीभ कापतो, हातपाय तोडतो, तापलेल्या कढईत भाजतो, आणि आई हे सारे पाहत उभी असते. मुले राजाला सांगतात की आम्ही पुन्हा उठू, तू मात्र जीवनासाठी उठणार नाहीस. आगीचा उल्लेख इथे फक्त राजाच्या कढईखालच्या जाळापुरता आहे. हीच कथा मक्काबींच्या चौथ्या पुस्तकात, साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पुन्हा सांगितली गेली. तिथे तीच मुले त्याच राजाला बजावतात की तुझ्यासाठी कधीही न विझणारी आग राखून ठेवलेली आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. राजाची आग राजाकडेच परत जाताना दिसते, आणि तिचे नाव घेणारा माणूस स्वतः त्या घटकेला जळत असतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी उसनवारी आहे. यहुदी लोक दोनशे वर्षे इराणी सत्तेखाली होते आणि चिनवट पुलावरचा निवाडा जरथुष्ट्री धर्मात फार जुना आहे. ग्रीकांकडे प्लेटोने सुधारण्यापलीकडे गेलेल्या आत्म्यांना कायमचे तार्तारोस या पाताळात टाकले होते. देवाणघेवाण झाली हे मी नाकारत नाही. पण शेजाऱ्याकडे एखादी वस्तू असणे हे ती उचलण्याचे कारण होऊ शकत नाही. इराणी राजवट होती तोवरच्या यहुदी लेखनात ही कल्पना जवळजवळ नाही; ती फोफावली ग्रीक राजांच्या अमदानीत, जेव्हा तिची गरज पडली. शिवाय पारशी परंपरेत शेवटी वितळलेल्या धातूच्या लोंढ्यातून सगळे शुद्ध होतात आणि नरक संपतो. न संपणारी शिक्षा तिथून आली असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. येशू स्वतः नरकाबद्दल बोलतो, आणि तोही कडक शब्दांत. तो वापरतो ते नाव गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमेला लागून असलेले हिन्नोमचे खोरे. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, हे प्रवचनांतून नेहमी ऐकू येते. त्याचा जुन्यात जुना आधार साधारण १२०० सालच्या दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराचा आहे, उत्खननात तसे काही सापडलेले नाही. बायबलमध्ये या खोऱ्याची ख्याती अधिक भयंकर आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे स्वतःची मुले अग्नीत अर्पण केली, आणि या पापापायी हे खोरे कत्तलीचे खोरे म्हणून ओळखले जाईल असे यिर्मयाने बजावले. नव्या करारात गेहेन्ना हे नाव बारा वेळा येते. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत ते एकदाही नाही. आणि येशू ते उच्चारतो तेव्हा समोर असतात त्याचे स्वतःचे शिष्य किंवा शास्त्री आणि परूशी हे यहुदी धर्मपुढारी. परधर्मीयांना त्याने ही धमकी दिल्याचा एकही प्रसंग नाही. लूकच्या दाखल्यातला श्रीमंत माणूस यातना भोगतो, तर त्याचा धर्म किंवा मत कोणी विचारत नाही. दारात फोडांनी भरलेला लाजर पडला होता आणि त्याने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढाच गुन्हा दिसतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडच्यांना अग्नीत पाठवले जाते ते भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र दिले नाही म्हणून. येशू कडक बोलला हे खरेच आहे. तो कोणाशी कडक बोलला, हे त्या आक्षेपात गळून जाते.

मग ही कल्पना उलटली कधी? खूण लवकरच दिसते. दुसऱ्या शतकातल्या पेत्राच्या नावावरच्या प्रकटीकरणात शिक्षांची लांबलचक यादी आहे. विधवा आणि अनाथांकडे पाठ फिरवणारे धनवान तिथे चिंध्या नेसून आगीत आहेत, सावकार गुडघाभर पुवात उभे आहेत. पण त्याच यादीत मालकाची आज्ञा मोडणारे गुलामही येतात! फिर्याद दुबळ्यांची होती, आता तिच्यात मालकांची फिर्यादही घुसली. तरीही पुढची काही शतके चर्चमध्ये या प्रश्नावर एकमत नव्हते. ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी या ख्रिस्ती विचारवंतांना शिक्षा ही औषधासारखी, कधीतरी संपणारी वाटे. ग्रेगरीला तर चर्च आजही संत मानते. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला, आणि त्यानंतरच्या पिढीत ऑगस्टीन या धर्मपंडिताने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा एकविसावा भाग लिहिला. शरीर न संपता कायम जळू शकते हे पटवण्यासाठी तो कार्थेजमध्ये जेवणात वाढलेल्या मोराच्या मांसाचा दाखला देतो. ते महिनाभरानंतरही सडले नव्हते, असे तो नोंदवतो. आपल्यातल्याच दयाळू ख्रिस्ती लोकांना उत्तर देत आहोत, असेही तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे असे लोक त्या काळी भरपूर होते. त्यांच्या मताला साम्राज्यात जागा उरली नाही ती ५४३ मध्ये, जेव्हा सम्राट जस्टिनियनने शिक्षा संपेल असे मानणाऱ्यांविरुद्ध फर्मान काढले. जो धाक राजांना घालण्यासाठी जन्मला, तो आता राजाच्या सही-शिक्क्याने घातला जाऊ लागला.

याचा शेवट कुठे झाला हे १४४२ च्या फ्लोरेन्स परिषदेच्या ठरावात दिसते. चर्चबाहेर मरणारे मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, सगळे सार्वकालिक अग्नीत जातील, असे तो ठराव म्हणतो. बरोबर शंभर वर्षांनी गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हीच शिकवण घेऊन पुढे जपानला गेला. जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवले आहे की नवे ख्रिस्ती झालेले जपानी आपल्या मेलेल्या आईवडिलांसाठी रडत, त्यांना सोडवता येणार नाही का असे विचारत, आणि त्याला नाही म्हणावे लागे. त्यांचे रडणे पाहून त्याला स्वतःलाही दुःख झाले. ज्यांनी येशूचे नावही ऐकले नव्हते, ते त्याच आगीत! हाबेलाची फिर्याद ऐकण्यासाठी जे न्यायालय उभे राहिले, तिथे आता आरोपी म्हणून कोण उभे होते, हे या पत्रात उघड दिसते.

श्रद्धावंतांचा एक आक्षेप उरतो. मत्तयाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायात शिक्षेला आणि जीवनाला ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण लावले आहे. शिक्षा संपत असेल तर जीवनही संपेल. ऑगस्टीनचा हा युक्तिवाद साधा नाही, आणि शिक्षेच्या मुदतीचा वाद त्याच अध्यायावरून आजही चालू आहे. पण मुदत कितीही मानली, तरी आरोपपत्र बदलत नाही. तिथे उपाशी माणसाला उपाशी ठेवणारा उभा आहे, दुसऱ्या देशात दुसऱ्या धर्मात जन्मलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मान्य केले की स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला न ओळखणारे, पण प्रामाणिकपणे जगणारे लोकही तारण मिळवू शकतात. जुलै १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवाला स्वतःहून आणि कायमचे नाकारणाऱ्याची अवस्था आहे, असे सांगितले. माझ्या मते ही माघार नाही. फ्लोरेन्सला जे चुकले ते चर्चने दुरुस्त केले, आणि उशिरा का होईना, योग्य केले. पुढच्या लेखांकात मेलेल्यांसाठी केल्या जाणाऱ्या प्रार्थनेकडे वळू. तोवर मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचकांनी स्वतः एकदा वाचून ठेवावा.