गाळाची पकड का सुटते?

काही हातपंपांचे पाणी बादलीत पडते तेव्हा अगदी नितळ असते. काही वेळाने पाहावे, तर पाणी तांबूस झालेले आणि तळाशी गंजासारखा साका बसलेला! हा साका आला कोठून? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातच बंगालमधील एका मोठ्या संकटाचे मूळ आहे.

हिमालयातील खडकांची झीज होऊन तयार झालेला गाळ गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हजारो वर्षे बंगालच्या सखल प्रदेशात आणून टाकीत आहेत. गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे गंजाच्याच जातीच्या पदार्थांचा, पातळ थर असतो. फॉस्फेट आणि आर्सेनिक या थराला चिकटून राहतात. प्राणवायू मिळतो तोवर ही पकड सहसा सुटत नाही.

पुढे नवा गाळ साचतो आणि जुना गाळ पालापाचोळ्यासह खोल गाडला जातो. पाला कुजवणारे जिवाणू तेथील प्राणवायू संपवून टाकतात. मग काही जिवाणू प्राणवायूऐवजी लोहाची ऑक्साइडेच श्वसनासाठी वापरतात! त्यामुळे सहसा न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचे विरघळणाऱ्या फेरस लोहात रूपांतर होते. या क्रियेला 'क्षपण' म्हणतात. थर विरघळला, की त्याला चिकटलेले आर्सेनिकही पाण्यात मोकळे होते.

तळ्या-नद्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे पटकी, हगवण यांसारखे रोग टाळण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण पाण्यातील आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव! १९८३ च्या सुमारास कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या कातडीवरील डाग व चट्टे हे आर्सेनिकच्या विषबाधेचे असल्याचे ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. बंगालमधील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण याच्या कितीतरी पट आढळले आहे.

आता आपल्या बादलीकडे वळू. हवेतील प्राणवायू मिळताच फेरस लोहाचे पुन्हा फेरिक होते आणि ते साक्याच्या रूपाने खाली बसते. पाण्यात आर्सेनिक असेल, तर त्याचा काही भाग हा साका पुन्हा पकडतो. आर्सेनिक काढणारी अनेक गाळणयंत्रे याच तत्त्वावर चालतात. मात्र नुसते पाणी निवळू देऊन भागत नाही. ते तपासूनच घ्यावे लागते.

हीच क्रिया शेतकऱ्याच्या उपयोगीही पडते. भातखाचरात पाणी साचले, की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाची पकड सैल होते आणि अडकून पडलेले फॉस्फेट भाताच्या मुळांना मिळू लागते. म्हणजे रसायनशास्त्राचा नियम एकच. त्यातून खत सुटणार की विष, हे गाळात काय साठले आहे त्यावर ठरते.