थंड सरोवरातील गोगलगायीची वाढ

परिसर अभ्यासाच्या तासाला तळ्यातील गोगलगायीची अंडी दाखविली की, पिले किती दिवसांत बाहेर येतील, असे मुले हटकून विचारतात. येथे शिक्षकाने एक ठराविक आकडा सांगून मोकळे होणे बरे नव्हे. कारण पाणी किती उबदार आहे हे कळल्यावाचून तो आकडा देताच येत नाही. इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या विंडरमियर सरोवराच्या उदाहरणाने हे चांगले ध्यानात येते.

हे सरोवर सुमारे १७ किलोमीटर लांब असून त्याचे पाणी हिवाळ्यात पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते. काठच्या दगडांवर राहणारी तेथील साधी गोगलगाय महाराष्ट्रातील तळ्यांत दिसणाऱ्या, पातळ व टोकदार शंखाच्या गोगलगायीच्याच कुळातील होय. या कुळात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक प्राणी उभयलिंगी असतो. वसंत ऋतूत पाण्याला ऊब आली म्हणजे दगडांवर व पाणवनस्पतींवर पारदर्शक, बुळबुळीत पुंजांत अंडी घातली जातात. बेडकाच्या पिलाप्रमाणे निराळ्या रूपात पोहत हिंडण्याची अवस्था येथे नाही. ते सारे रूपांतर अंड्यातच उरकते आणि चिमुकला शंख पाठीवर घेऊनच पिलू बाहेर पडते. पाणी २० अंशांचे असेल तर यास साधारण दोन आठवडे पुरतात. ११-१२ अंशांच्या पाण्यात महिना उलटून जातो.

पुढे शंख तोंडाच्या कडेशी वाढत जातो. त्यासाठी लागणारा चुना पाण्यातून व अन्नातून मिळतो. हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते आणि शंखावर त्या थांबण्याची रेघ उमटते. एरवी हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येणारा हा प्राणी त्या दिवसांत त्वचेवाटे पाण्यातला प्राणवायू घेऊन राहू शकतो. थंड पाण्यात तो अधिक विरघळलेला असतो, आणि मंदावलेल्या शरीराची गरजही थोडी असते. पुढच्या वसंतात अंडी घालून बहुतेक गोगलगायी मरतात. म्हणजे वर्षाला साधारण एकच पिढी.

महाराष्ट्रातील उबदार तळ्यांत मात्र वर्षात अनेक पिढ्या होतात, आणि ही केवळ नवलाची गोष्ट नाही. गुरांच्या यकृतात राहणारा चपटा पर्णकृमी आपल्या आयुष्याचा एक भाग याच कुळातील गोगलगायीच्या शरीरात काढतो, मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो. ते गवत गुरांनी खाल्ले की तो त्यांच्या पोटात जातो. उबेने गोगलगाय वाढते, तशीच तिच्यातील कृमीची वाढही लवकर होते. तळ्याकाठी गुरे चारणाऱ्या मुलांना हा संबंध अवश्य सांगावा.

वर्गात एकाच पुंजाचे दोन भाग करून ते दोन बरण्यांत ठेवावेत. एक बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, दुसरी उबदार जागी, पण कडक उन्हात नव्हे. दोन्हींचे तपमान रोज लिहून ठेवावे. बरण्या व त्यांतील पाणी मात्र सारखेच असावे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल झेम्पर यांनी १८७० नंतरच्या दशकात एकाच पुंजातील पिले कमीअधिक पाण्यात वाढविली, तेव्हा थोड्या पाण्यातील पिले खुजी राहिली. ही काळजी न घेतल्यास फरक उबेमुळे पडला की जागेमुळे, हे मुलांना सांगता येणार नाही. बरणी हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत आणि गोगलगायी ज्या तळ्यातून आणल्या तेथेच सोडाव्यात.