माप एकीचं, हात सगळ्यांचे : पॉलिमर क्लेचे एकसारखे मणी

पॉलिमर क्लेच्या कानातल्यांना आणि माळांना आता चांगली मागणी आहे. रोहा-अष्टमीच्या बाजारापासून मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत असे दागिने दिसतात. पण गटाने माळांची ऑर्डर घेतली की एक अडचण हमखास येते. चौघींनी बसून मणी वळले की चार मापांचे मणी तयार होतात. माळेत एक मणी मोठा आला तर गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते. बोरमाळेचा एक मणी वेगळा असला तर आपण घेऊ का? मग तो माल परत येतो आणि गटाचे पैसे अडकतात.

यावर पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: मणी एकसारखा होतो तो वळताना नाही, माती मोजताना. गोळा नेमका असेल तर कुणीही वळला तरी मणी तेवढाच होणार. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत एका मापाच्या गणपतीच्या मूर्ती निघतात, कारण तिथे साचा असतो. आपल्या मण्याला साचा नाही, म्हणून माप हाच आपला साचा.

ही माती वेगळी आहे

शाडू वाऱ्यावर वाळतो, कुंभाराची माती भट्टीत भाजते. पॉलिमर क्ले या दोन्हींसारखी नाही. पाण्याच्या पाइपाला जे पीव्हीसी वापरतात, त्याच जातीचं हे प्लास्टिक आहे. ते उघड्यावर ठेवून कडक होत नाही, ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला भाजावं लागतं. बाजारात हवेवर वाळणारी क्लेसुद्धा मिळते, म्हणून घेताना पाकीट नीट वाचा.

माप कसं घ्यायचं

1. आधी क्ले चांगली मळून घ्या. भेगा पडायच्या थांबल्या, मऊ आणि एकजीव झाली की पुरे.

2. रंग मिसळायचा तर अख्ख्या ऑर्डरचा एकदम मिसळा. दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा साधत नाही. वहीत लिहून ठेवा, जसं पांढरा 4 भाग, लाल 1 भाग. पांढरा आणि फिका रंग आधी हाताळा, गडद शेवटी. मध्ये हात स्वच्छ पुसा.

3. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या दोन बाजूंना ठेवा, मध्ये क्ले ठेवून काचेच्या बाटलीने लाटा. बाटली पट्ट्यांवरून फिरली की क्ले सगळीकडे सारख्याच जाडीची होते. स्वयंपाकाचं लाटणं मात्र यासाठी घेऊ नका.

4. एकाच गोल कटरने चकत्या पाडा. हिशेब सोपा आहे: चकतीची रुंदी मण्याएवढी, आणि जाडी त्याच्या दोन-तृतीयांश. 12 मिलिमीटरचा मणी हवा तर 12 मिलिमीटरचा कटर आणि 8 मिलिमीटर जाडी.

5. छोटा डिजिटल काटा असेल तर मधूनमधून चकती तोलून बघा. नजरेवर जाऊ नका. 10 आणि 12 मिलिमीटरच्या मण्यांत फरक दिसतो थोडाच, पण 12 च्या मण्याला जवळजवळ पावणेदोन पट माती लागते.

वळणं आणि भोक पाडणं

मोदकाची पारी करायला उकडीचा गोळा वळतो, तसाच हलक्या हाताने गोल वळा. दाबू नका, मणी चपटा होतो. उन्हाळ्यात क्ले फार मऊ पडते. तेव्हा मणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, मगच भोक पाडा. दाभण एका बाजूने फिरवत घाला. टोक पलीकडे दिसू लागलं की बाहेर काढा आणि त्या बाजूने पुन्हा घाला. म्हणजे दोन्ही तोंडं साफ येतात.

तपासणीसाठी जाड पुठ्ठ्याला नमुना मण्याच्या मापाचं भोक पाडून ठेवा. जो मणी त्यातून जाणार नाही तो मोठा, जो सैल पडेल तो लहान. मणी कच्चे आहेत तोवर हे करा, म्हणजे चुकलेला मणी मोडून पुन्हा वळता येतो.

भाजताना सांभाळा

बहुतेक कंपन्यांच्या क्लेला 110 ते 130 अंश सेल्सिअस लागतं. आपल्या पाकिटावर जे तापमान आणि जेवढा वेळ लिहिला असेल तोच पाळा. स्वस्त ओव्हनचा आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. मायक्रोवेव्ह, तवा किंवा गॅसची आच यावर भाजू नका. घड्या घातलेल्या कागदावर मणी ठेवले की तळ चपटा होत नाही. एका माळेचे मणी एकाच वेळी भाजा, नाहीतर फिक्या रंगात फरक पडतो. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, आल्यावर पुन्हा भाजता येतात.

क्ले जळली तर घशाला, डोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. ओव्हन लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर जा. या कामाचा ट्रे जेवणाला वापरू नका. जमलं तर ओव्हनही वेगळाच ठेवा, आणि तो गटाचा सामाईक घेतला तर खर्च वाटला जातो.

गटात काम कसं वाटायचं

रंग एकीनेच मिसळायचा. लाटून चकत्याही एकीनेच पाडायच्या. वळणं सगळ्यांनी. पुठ्ठ्याची तपासणी आणि भाजणं पुन्हा एकीकडे. अशाने लहान मुलं सांभाळणारी ताईसुद्धा चकत्या घरी नेऊन मणी वळून आणू शकते, आणि चाळीस माळांची ऑर्डर घ्यायला भीती वाटत नाही.

मापामुळे खर्चही कळतो. 12 मिलिमीटरच्या मण्याला साधारण दीड ग्रॅम क्ले लागते. 40 मण्यांच्या माळेला 60 ग्रॅम. समजा क्ले 4 रुपये ग्रॅमने पडली, तर माळेची नुसती क्लेच 240 रुपयांची झाली. त्यात दोरा, कडी, वीज आणि मजुरी धरा, मग भाव सांगा. न मोजता भाव सांगितला तर तोटा कुठे झाला हेही कळत नाही.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. तिघींनी मोजलेल्या चकत्यांचे वीस-वीस मणी वळा आणि एका ताटात मिसळा. कुणाचा मणी कोणता हे ओळखू आलं नाही, की गट ऑर्डर घ्यायला तयार झाला असं समजा.