निजामाचे स्वार, मरफ्याचे वादक

हैदराबाद शहरात, विशेषतः मुसलमान बांधवांच्या वरातीपुढे, जो दणदणाट चालतो त्यास मरफा म्हणतात. बरकतपुऱ्याहून थोडे पश्चिमेस गेले की मासाब टँकजवळ ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती लागते. या वाद्याचे नामांकित वादक तेथले. मरफ्यात सूर जवळजवळ नाहीच, आहे तो ठेका. नगाऱ्यासारखा मरफा, डफ, धातूची घागर आणि लाकडी थापी एवढाच संसार. हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांनी, ज्यांना आपल्या मराठवाड्यात चाऊस म्हणून ओळखतात त्यांनी, हे वादन इकडे आणले. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांनी त्यात आपली लय ओतली.

वस्तीच्या नावाचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’ हे त्याचे पूर्ण रूप होय. वनपर्ती संस्थानात उभे राहिलेले हे सिद्दी पथक पुढे निजामाच्या पदरी आले. घोड्यावर मांड टाकून राजाच्या स्वारीबरोबर चालावे, हा त्यांचा पेशा. ढोल वाजवीत ते आपल्या सणावारी व आपल्या घरच्या लग्नात. त्यासाठी कोणी पैसे देत नसे, आणि त्यांनीही कधी मागितले नसावेत.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यातील आपल्या वाडवडिलांना त्या दिवसाने मोकळा श्वास दिला, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्यानंतर निजामाचे सैन्य मोडले, तेव्हा या स्वारांचा घोडा गेला, पगार गेला. रझाकारांच्या पापाशी ज्यांचा संबंध नव्हता, अशांची चूलही त्याच फटक्यात विझली. तलवार आणि लगाम यांखेरीज ज्याच्या हातास काही ठाऊक नाही, अशा माणसाने काय करावे?

कित्येक जण मिळेल त्या मजुरीस लागले. आणि मग हौसेचा ढोल पोटाच्या कामी आला. परक्यांच्या लग्नाची सुपारी घ्यावी, चारपाच जणांचा ताफा जमवावा, एकाने पुढे राहून ठेका द्यावा व बिदागीही ठरवावी, असा क्रम पडला. बापाचे पाहून मुलगा शिकला; कागदावर लिहिलेले त्यात काहीच नाही.

राजाच्या अंगरक्षकाने अनोळखी नवऱ्या मुलापुढे वाजवीत चालावे, यात कमीपणा आहे काय? आपल्या गावांत हलगीवाल्याची पंगत सर्वांच्या शेवटी बसते, आणि ख्रिस्ती घरेही यास सर्वस्वी अपवाद नाहीत, म्हणून हे विचारतो. स्तोत्रसंहितेच्या 150 व्या स्तोत्रात देवाच्या स्तुतीसाठी डफ व झांजा यांना वीणेच्याच पंक्तीस बसविले आहे.

जाता जाता सांगावयाचे, हैदराबादचे सिद्दी मुसलमान असले तरी उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दींची कॅथोलिक कुटुंबेही आहेत. ढोल त्यांच्याही घरी आहे.