‘लघवीला जायचंय का?’

मूत्राशय म्हणजे स्नायूंची ताणली जाणारी पिशवी. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि १५० ते २०० मिलिलिटर साठली की पहिली जाणीव होते. हा निरोप मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि कपाळामागचा मेंदू मूत्राशयाला थोपवून धरतो. दोन-तीन वर्षांचं मूल ही कला शिकतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ती इतकी बिनबोभाट चालते, की तिची आठवण फक्त ती बिघडल्यावरच येते.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये कायम राहणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जणांना लघवीवर ताबा ठेवता येत नाही. नील रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वृद्धांच्या मूत्राशयाची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं मूत्राशय पुरतं भरायच्या आतच आकुंचन पावत होतं. त्यातल्या अनेकांच्या बाबतीत ते नीट रिकामंही होत नव्हतं. पण दोष नेहमी मूत्राशयाचाच असतो असं नाही. बद्धकोष्ठाने साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या गोळीने लघवी वाढते. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री पुन्हापुन्हा उठावं लागतं. गुडघे धरलेले असले तर कळ आल्यापासून संडासापर्यंतचं अंतरच पार होत नाही. ओलं होण्याच्या धास्तीने पाणी कमी प्यायलं, तर दाट झालेली लघवी मूत्राशयाला जास्तच चेतवते.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकात जॉन श्नेल यांनी नर्सिंग होममध्ये जे करून पाहिलं, ते मला वैद्यकातलं एक मोठं नवल वाटतं. त्यांच्या पद्धतीत ना औषध, ना शस्त्रक्रिया. दिवसा दर दोन तासांनी मदतनीस खोलीत येते. आधी विचारते, ‘कोरडं आहे ना?’ मग स्वतः पाहून खात्री करते. ‘लघवीला जायचंय का?’ असं विचारते. नको म्हटलं तर थोड्या वेळाने पुन्हा विचारते, जबरदस्ती मात्र करत नाही. हो म्हटलं की हात धरून नेते, झालं की शाबासकी देते, पाणी पुढे करते आणि पुन्हा केव्हा येईन तेही सांगते. स्मृतिभ्रंशाने ज्यांना आपणहून मागणं सुचत नाही, त्यांनाही विचारल्यावर उत्तर देता येतं. लघवीवर ताबा नसलेल्या रहिवाशांपैकी २५ ते ४० टक्के लोकांमध्ये ओलं होण्याचं प्रमाण दिवसाला तीन-चार वेळांवरून एकवर किंवा त्याहूनही खाली येतं. कोणाला गुण येईल, हे तीन दिवसांत कळतं. पुढे याच फेऱ्यांना खुर्चीतून उठ-बस आणि थोडं चालणं जोडलं, तेव्हा अंगातली ताकदही सुधारली.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण त्याला माणसं लागतात. संशोधकांची तुकडी परत गेली की फेऱ्या हळूहळू बंद पडतात, हा अनुभव पुन्हापुन्हा आला आहे. डायपर बदलायला कमी वेळ लागतो. त्यातली सोडियम पॉलिॲक्रिलेटची भुकटी आपल्या वजनाच्या कितीतरी पट लघवी शोषून तिचा गोळा करते. हा शोध मोलाचाच आहे. ज्यांना हलवणंच शक्य नाही, त्यांची त्वचा त्यामुळे वाचते. मात्र कामाच्या सोयीसाठी, चालत्या-बोलत्या माणसाला तो बांधून ठेवणं हा अन्याय आहे. १९८७ च्या कायद्यावर आधारलेले अमेरिकेचे नियमही तेच सांगतात: रहिवाशाला शक्य तितका ताबा परत मिळवून देण्यासाठी उपचार करा आणि वैद्यकीय गरज नसताना कॅथेटर घालू नका.

आपल्याकडे वृद्धाश्रमात असो वा घरी ठेवलेल्या मावशींच्या हाती, डायपरचं पहिलं पॅकेट बहुतेक वेळा तपासणीआधीच फुटतं. तुमच्या घरी अशी वेळ आली असेल, तर आधी तीन दिवस एक वही ठेवा. केव्हा आणि किती पाणी प्यायलं, लघवी केव्हा झाली, कपडे केव्हा ओले झाले, पोट साफ झालं का, एवढंच त्यात लिहा. ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा.